वर्षाची बेगमी

उपस्थित सर्व मंडळींना नमस्कार. संयोजकांनी मला 'कमी पैशांत चांगले जगणे' हा विषय दिला आहे. काटकसरीच्या युक्त्या आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. जांभळी नाक्यावर कोणत्या वेळी भाजीचा भाव उतरतो, हे नौपाड्यातल्या गृहिणीला मी सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून आज मी एकच मुद्दा मांडणार आहे. घराचा हिशेब आपण महिन्यावर करतो. तो वर्षावर करायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या घराचा महिन्याचा खर्च किती, हे ज्यांना सांगता येईल त्यांनी कृपया हात वर करावेत. जवळजवळ सगळे हात वर झाले. आता वर्षाचा खर्च ज्यांना सांगता येईल त्यांनी करावेत. मागच्या रांगेतल्या दोन आजी आणि एक काका, एवढेच हात मला दिसतात. बाराने गुणले की झाले, असे कोणी म्हणेल. पण तसे ते होत नाही, आणि घराची ओढाताण नेमकी तिथेच सुरू होते.

पगार महिन्याला येतो. दूध, विजेचे बिल, सोसायटीची देखभाल आणि गृहकर्जाचा हप्ता महिन्याला जातो. त्यामुळे मनालाही महिन्याचीच सवय लागते. परंतु ज्या खर्चांपायी घर अडचणीत येते, ते बहुधा महिन्याचे नसतात. जूनमध्ये शाळेची फी, गणवेश, वह्या-पुस्तके आणि रेनकोट एकदम येतात. मग गणपती आणि त्यासाठी कोकणात जाण्यायेण्याचा खर्च, मग दिवाळी, मग आरोग्यविम्याचा हप्ता, मालमत्ता कर, दुचाकीचा विमा आणि लग्नसराईतले आहेर. यांतला एकही खर्च अवचित येत नाही. गणपती कधी बसणार हे वर्षभर आधी दिनदर्शिकेत छापलेले असते. तरीही आपण दर वेळी 'या महिन्यात जरा जास्त खर्च झाला' असे म्हणतो, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कारणासाठी तेच वाक्य पुन्हा म्हणतो.

ठाण्यातल्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत ज्यांचे बालपण गेले, त्यांना उन्हाळ्यातली गच्ची आठवत असेल. एप्रिल-मे महिन्यांत गहू, तांदूळ आणि तूरडाळ वर्षाची भरली जात असे. धान्याला ऊन द्यायचे, निवडायचे, डाळीला एरंडेल चोळायचे, पिंपात कडुलिंबाचा पाला घालायचा, आणि पावसाचा पहिला शिडकावा येण्यापूर्वी झाकणे बंद करायची. त्या घरांत पैसा आजच्यापेक्षा कमी होता. पण वर्षाला किती पायली धान्य लागते, हे घरातल्या बाईला पक्के माहीत होते. आज दिव्यात, कळव्यात किंवा घणसोलीत साडेतीनशे चौरस फुटांच्या घरात पिंपे ठेवायला जागा नाही, हे मान्य. पण पिंपांबरोबर तो वर्षाचा अंदाजही आपण घराबाहेर काढला, याचे मला मनापासून वाईट वाटते. धान्य साठवता येत नसेल, तर त्याच रीतीने पैसा साठवता येतो.

तो अंदाज नसला की काय होते, याचे एक उदाहरण मी जरा विस्ताराने सांगतो. कारण त्या प्रकरणाचा राग अजून माझ्या मनात आहे. आमच्या ओळखीच्या एक ताई एका रोगनिदान प्रयोगशाळेत नोकरी करतात. पगार बेताचा, पण नियमित. जूनमध्ये दोन मुलांची फी आणि सासूबाईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया एकत्र आली. एका खाजगी वित्तकंपनीच्या प्रतिनिधीने त्यांना अर्ध्या तासात साठ हजारांचे कर्ज मंजूर करून दिले. व्याज किती, असे त्यांनी विचारले. 'फक्त महिना एक टक्का, ताई. म्हणजे वर्षाला बारा,' असे उत्तर मिळाले. बँकाही वैयक्तिक कर्जाला एवढा दर लावतात, म्हणून त्यांना ते वाजवी वाटले.

आता हिशेब पाहा. साठ हजारांवर बारा टक्के म्हणजे ७,२०० रुपये व्याज. एकूण ६७,२०० रुपये बारा हप्त्यांत फेडायचे, म्हणजे हप्ता ५,६०० रुपयांचा. वरवर पाहता सगळे बरोबर दिसते. पण साठ हजार रुपये त्यांच्याकडे वर्षभर राहिले का? पहिल्या हप्त्याबरोबर पाच हजार मुद्दल परत गेले, दुसऱ्याबरोबर आणखी पाच हजार, आणि बाराव्या महिन्यात त्यांच्याकडे केवळ पाच हजार शिल्लक होते. बारा महिन्यांची सरासरी काढली, तर त्यांच्या हाती ३२,५०० रुपये होते. त्यावर ७,२०० रुपये व्याज म्हणजे बावीस टक्क्यांच्या घरातला दर झाला. शिवाय दोन टक्के प्रक्रियाशुल्क आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे १,४१६ रुपये आधीच कापून घेतले होते, म्हणजे हातात ५८,५८४ रुपयेच पडले. हे सर्व धरले तर खरा दर वर्षाला सुमारे २६ टक्के होतो. घटत्या शिलकीवर व्याज आकारणारी बँक ज्याला बारा टक्के म्हणते, ते हे बारा टक्के नव्हते. कागदावर आकडा तोच होता. अर्थ मात्र दुपटीहून जास्त होता, आणि तो अर्थ सांगण्याची जबाबदारी समोर बसलेल्या माणसाने टाळली.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केला, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदतकर्जांसाठी बँका व वित्तकंपन्यांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचे पत्रक देणे बंधनकारक झाले. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते, आणि सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, त्यात लिहिलेला असावा लागतो. सही करण्यापूर्वी तोंडी सांगितलेला दर बाजूला ठेवून तेवढा एक आकडा वाचावा, ही माझी हात जोडून विनंती आहे. 'बिनव्याजी हप्ता' असे सांगून फोन आणि फ्रिज विकले जातात, त्यांनाही हेच लागू आहे. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. ते व्याज कुठे तरी किमतीत, हुकलेल्या सवलतीत किंवा शुल्कात बसवलेले असते.

या ताईंना साठ हजार कमी पडले, पण त्यांतले बरेचसे फीचे होते, आणि फी जूनमध्ये येणार हे मागच्या जूनपासून माहीत होते. महिन्याचा हिशेब माणसाला कर्जाच्या दारात नेतो, असे मी म्हणतो ते यासाठी.

उलट बाजूही पाहा. ज्याच्या हाती एकरकमी पैसे असतात, त्याला तीच वस्तू स्वस्त पडते. लोकलचा तीन महिन्यांचा पास मासिक पासाच्या २.७ पट असतो, सहा महिन्यांचा ५.४ पट आणि वर्षाचा १०.८ पट, म्हणजे दर दहा रुपयांमागे एक रुपया वाचतो. विम्याचा हप्ता वर्षाचा एकदम भरला, तर तो बहुधा मासिक हप्त्यांच्या बेरजेपेक्षा कमी असतो.

आमच्या आळीतल्या बायकांच्या भिशीत मला हा वर्षाचा विचार आजही जिवंत दिसतो. बारा जणींनी महिन्याला हजार रुपये घालायचे आणि दर महिन्याला एकीने बारा हजार उचलायचे. अनेक भिश्यांत चिठ्ठ्या टाकतात. इथे मात्र वर्षाच्या आरंभी बसून क्रम ठरतो. जिची मुले शाळेत आहेत तिला जून, जिच्याकडे गणपती आहे तिला त्या आधीचा महिना, आणि जिची गरज थांबू शकते ती मार्चपर्यंत थांबते. घराघरांतले वर्ष एकमेकींना माहीत असल्याशिवाय हे जमत नाही. यात व्याज नाही, पण संरक्षणही नाही. एखादीने रक्कम उचलून हप्ते थांबवले तर दाद मागणे अवघड जाते. म्हणून रक्कम लहान असावी आणि बायका रोज एकमेकींना दिसणाऱ्या असाव्यात.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत, आणि जे सांगायला आलो ते अजून सांगायचे आहे. तेव्हा आता थोडक्यात सांगतो.

एका कागदावर बारा महिने लिहा आणि वर्षातून एकदा-दोनदा येणारे सर्व खर्च त्या त्या महिन्यासमोर मांडा. उदाहरणादाखल फी ३६,०००, आरोग्यविमा १८,०००, सण आणि गावचा प्रवास २४,०००, मालमत्ता कर ६,००० आणि दुरुस्ती-आहेर १२,००० धरले, तर बेरीज ९६,००० होते. तिला बाराने भागल्यास महिन्याला ८,००० रुपये येतात. पगार झाला त्याच दिवशी ही रक्कम वेगळ्या बचतखात्यात वळती करा, आणि त्या खात्याला यूपीआय जोडू नका. आपला खरा पगार म्हणजे त्यातून आठ हजार वजा करून उरलेली रक्कम, असे धरून महिना चालवा. ते शक्य होत नसेल, तर खर्च आपल्या उत्पन्नाबाहेर आहे हे जानेवारीतच कळते आणि आपण सणाचा बेत वेळेवर लहान करू शकतो.

हे खाते बँकेतच असावे. बँक बुडाली, तर ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतल्या ठेवींवर व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ते सहकारी बँकांनाही लागू आहे, पण पतपेढ्यांना नाही. थोड्या जास्त व्याजासाठी वर्षभराची फी पतपेढीत ठेवणे मला पटत नाही.

आठ हजार कुठून आणायचे, याची तीन उत्तरे घाईतच देतो. रक्तदाब-मधुमेहाची रोजची औषधे जनऔषधी केंद्रात बऱ्याचदा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. डॉक्टरांना विचारून ती घ्या. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे दर चढतो. म्हणून मे महिन्यातले शेवटचे पन्नास युनिट सर्वांत महाग असतात, आणि एसी चोवीस अंशांवर ठेवला तर नेमके तेच वाचतात. आणि करमणुकीसाठी खर्च करावाच लागतो असे नाही. १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्याच शहरात आहे, संध्याकाळी मासुंदा तलावाभोवती फिरायला तिकीट लागत नाही, आणि त्या दोन गोष्टींनी माझ्या पिढीच्या कितीतरी घरांना श्रीमंत ठेवले.

पहिल्या वर्षी खाते जूनपर्यंत भरलेले नसेल, म्हणून निराश होऊ नका. यंदाची फी नेहमीप्रमाणे भरा, आणि जुलैच्या पगारापासून पुढच्या जूनची सुरुवात करा. ज्यांनी आपली कर्जपत्रे सोबत आणली आहेत, त्यांनी सभा संपल्यावर या टेबलापाशी थांबावे. प्रत्येकाच्या कर्जाचा खरा दर आपण इथेच मांडून पाहू.