उंदराची पाळी बदलली तर

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत एक मामा आहेत, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पावरलूमवर कामाला, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. पाळी बदलली की तीन-चार दिवस माणूस नुसता भंजाळलेला, भर दुपारी खिडकीला चादर टांगून झोपायला बघतो, ती पण आपली सोलापुरी जाड चादर बरं का, तरी डोळा लागत नाही. परवा मला म्हणाले, "अरे, ते मेलाटोनिन का काय मिळतंय म्हणे, घेऊ का?" म्हटलं, मामा, गोळीचं डॉक्टरांना विचारा, मी तुम्हाला उंदराचं सांगतो.

मेलाटोनिन म्हणजे झोपेचं हार्मोन असं आपण धरून चालतो ना, तिथंच घोळ आहे. मेंदूतली पिनिअल ग्रंथी ते रात्री अंधारात सोडते, माणसात पण आणि उंदरात पण. आता रात्री उंदीर झोपतो का हो? शेंगांच्या पोत्याला भोक कोण पाडतं मग! म्हणजे मेलाटोनिन 'झोप' म्हणत नाही, 'रात्र झाली' एवढंच सांगतं, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं.

ही वर्दी घेणारे रिसेप्टर दोन, एमटी-1 आणि एमटी-2, आणि ते शरीराच्या मेन घड्याळात पण असतात. हे घड्याळ म्हणजे मेंदूच्या तळाशी साधारण 20 हजार पेशींचा ठिपका, डोळ्यांकडून येणाऱ्या उजेडावर वेळ लावून घेणारा. एमटी-1 तिथल्या पेशींची धावपळ जरा शांत करतो. पण मामांच्या कामाचा आहे तो एमटी-2.

ते कसं कळलं बघा. पिंजऱ्यात एक चाक ठेवायचं, दिवे गेले की उंदीर त्यावर पळत सुटतो, किती पळाला ते आपोआप नोंदलं जातं, एका दिवसाची एक ओळ, अशा ओळी एकाखाली एक लावल्या की पळण्याच्या वेळेचा काळा पट्टा दिसतो, अगदी मागावर कापड उतरावं तसा. मग एके दिवशी दिवे लागायची-विझायची वेळ 6 तास अलीकडं ओढायची. पट्टा लगेच सरकत नाही, रोज थोडा थोडा तिरपा होत जातो. जर्मनीतल्या संशोधकांनी 2012 साली हे छापलं, एमटी-2 काढून टाकलेल्या उंदरांना नव्या वेळेवर यायला जास्त दिवस लागले, एमटी-1 नसलेल्यांचं मात्र फारसं अडलं नाही.

यात एक गंमत आहे, प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त वापरला जाणारा काळा उंदीर, सी-57, मेलाटोनिन जवळजवळ बनवतच नाही! म्हणून अशा कामाला सी-3-एच नावाचा वेगळा वाण घ्यावा लागतो. आणि तरी तो काळा उंदीर पण नव्या वेळेवर येतोच की, कारण खरा मुकादम उजेड, मेलाटोनिन आपलं हाताखालचं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, "म्हणजे उंदराला पण चार दिवस लागतात तर." संध्याकाळी बघतो तर स्टुलावर उभे, चादरीच्या कडेनं उन्हाची जी फट येत होती ना, तिथं खिळे ठोकत होते.