समुद्राचा ताळेबंद लिहिताना

मंडळी, पत्रिकेत विषय फार भारदस्त छापलाय: ‘नैसर्गिक भांडवलाच्या व्यवस्थापनात मत्स्यतज्ज्ञांचं स्थान’. नैसर्गिक भांडवल म्हणजे जंगल, समुद्र यांना मालमत्ता मानून त्यांचा हिशेब ठेवायचा. माझं म्हणणं साधं आहे. समुद्राचा हिशेब मांडायला बसाल, तेव्हा मासळी हाताळणारा माणूस त्या खोलीत असू द्या. त्यासाठी तीन मुद्दे आणलेत, पण आधी एक तक्रार.

अशाच हिशेबाच्या एका बैठकीला मला बोलावलं होतं. पडद्यावर तक्ता. जंगलाला जाती, वयोगट, घनता, मातीतला कार्बन, रकानेच रकाने. समुद्राला एकच ओळ: ‘मासे, टन’. मी विचारलं, कुठले मासे? उत्तर आलं, ‘एकूण’. (हशा) हसू नका, गृहस्थ हुशार होते. पण मासा ताटात असतो नाहीतर टनात, एवढंच त्यांना ठाऊक.

आता या टनाची गंमत बघा. अटलांटिक कॉड या माशाची तीस किलोची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढी दोन-दोन किलोच्या अठ्ठावीस माद्या मिळूनही घालत नाहीत. अठ्ठावीस दुणे छप्पन्न. म्हणजे तक्त्यात छप्पन्न किलोवाली बाजू जवळजवळ दुप्पट श्रीमंत दिसते आणि उद्याची पिल्लं मात्र तीस किलोच्या बाजूला जास्त! मुद्दल कशाला म्हणायचं, हेच टनाला कळत नाही. ते कळतं प्रतवारीच्या पट्ट्याशी उभ्या असलेल्या बाईला. मोठा नग येईनासा झाला, हे तिच्या हाताला अहवालाच्या आधी समजतं. किंवा कळतं माशाच्या डोक्यातला कानाचा खडा काढून, त्याचा पातळ काप भिंगाखाली धरून वर्षांची वलयं मोजणाऱ्याला. त्या माणसाशी गप्पा मारा कधी. वलयं मोजून मोजून तो भेटेल त्याच्या वयाचा अंदाज बांधतो, म्हणून समारंभांना त्याला बोलवत नाहीत. (हशा)

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडचं काय झालं, ते इथे बहुतेकांना माहीत आहे. 1968 साली तिथल्या उत्तरेकडच्या कॉडची पकड आठ लाख टनांच्या घरात होती. 1980च्या दशकात मोठ्या ट्रॉलरांची जाळी अजून भरत होती. का? कळप आटत गेला तरी उरलेले मासे दाटीनं एकत्र राहतात, आणि ट्रॉलर नेमका तिथे जातो. किनाऱ्याजवळचे छोट्या होड्यांवाले ओरडत होते, मासा कमी झालाय, लहान झालाय. त्यांचं ओरडणं म्हणजे ‘अनुभव’, ट्रॉलरचे आकडे म्हणजे ‘विदा’! 2 जुलै 1992ला कॅनडानं मासेमारी बंद केली. सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. 2024मध्ये बंदी उठली, तेव्हा वर्षाची मर्यादा ठरली अठरा हजार टन. पकड हे उत्पन्न, साठा ही मालमत्ता. उत्पन्न बघून मालमत्ता शाबूत आहे असं समजायचं, ही चूक कुठलाही हिशेबनीस एरवी करणार नाही...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, तीन मुद्दे धावत-पळत.

एक. रकाने आहेत. संयुक्त राष्ट्रांनी मार्च 2021मध्ये स्वीकारलेल्या परिसंस्था-हिशेबाच्या चौकटीत क्षेत्र किती आणि अवस्था काय, दोन्हीला जागा आहे. अवस्थेत वयोगट आणि आकार घाला. भरणारी माणसं मघाशी सांगितली.

दोन. शेतीचा मासा. 2022मध्ये पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पकडलेल्यांच्या पुढे गेलं, पहिल्यांदाच. पण खाद्यातलं मत्स्यचूर्ण बरंचसं समुद्रातल्या छोट्या माशांचं. एका खात्यात जमा केलंत तर दुसऱ्यात नावे टाका. उलट कालवं खाद्य मागत नाहीत, पाणी गाळतात. त्यांचा पाळणारा पाण्याची खबर रोज ठेवतो. ती फुकट वाया जाते.

तीन, आणि हा खरा अवघड. मच्छीमार आपली जागा सांगत नाही. नकाशा दिला की शेजारची बोट उद्या तिथे हजर. म्हणून माहिती कोण बघणार, किती काळ झाकून ठेवणार, मोबदला काय, हा करार आधी, तक्ता मागाहून. प्रश्न घेतो. माइक मागे द्या.