दुसरी सर्व्हिस आणि आखडता हात

नमस्कार श्रोतेहो.

नेरूळला पाम बीच रोडच्या अलीकडे एका सोसायटीच्या टेनिस कोर्टवर आम्ही पाच-सहा जण रोज सकाळी खेळतो. म्हणजे, खेळतो थोडं आणि एकमेकांच्या चुका मोजतो जास्त. गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीतल्या स्पर्धेत डबल्सचा सामना रंगला होता. पाच-चार आम्ही पुढे, सर्व्हिस माझी, फॉर्टी-थर्टी. एक पॉइंट मिळाला की जिंकलो. पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली. दुसरीला पोटात गोळा आला, हात जड झाला आणि बॉल नेटच्या बुडाशी जाऊन पडला. ड्यूस, म्हणजे बरोबरी. पुढच्या पॉइंटला पुन्हा डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या आणि पॉइंट समोरच्यांना. गेम गेला, मग सामनाही गेला.

माझे पार्टनर रेल्वेतून निवृत्त झालेले काका. बेंचवर घाम पुसताना ते एवढंच म्हणाले, "अरे, हात आखडता का घेतलास?"

त्या एका वाक्यावर मी वर्षभर विचार करतोय. आपल्याला वाटतं, दुसरी सर्व्हिस आहे, जपून मारू, हळू मारू. इथेच गडबड होते. बॉल वरच्या दिशेने घासून मारला की त्याला टॉपस्पिन मिळतो. तो नेटच्या बराच वरून जातो आणि फिरकीमुळे झपकन खाली उतरतो. सर्व्हिस बॉक्सची रेघ नेटपासून फक्त २१ फुटांवर असते, तेवढ्यात त्याला उतरायचंच असतं. ही फिरकी रॅकेटच्या वेगातून येते. हात मंदावला की फिरकी गेली, मग उरतो नुसता ढकललेला बॉल. तो नेटमध्ये तरी जातो, नाही तर रेघेबाहेर तरी. म्हणजे दुसऱ्या सर्व्हिसला हात पहिल्याइतकाच जोरात फिरवायचा, फक्त दिशा वेगळी. हे मनाला पटायला फार वेळ लागतो, आणि फॉर्टी-थर्टीला तर पटतच नाही.

मोठमोठ्यांचंही हेच होतं. १९९३ची विम्बल्डन फायनल. स्टेफी ग्राफसमोर याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये चार-एकने पुढे होती, पाच-एक व्हायला एकच पॉइंट हवा होता. तिथे तिने डबल फॉल्ट केला आणि तो सेट सहा-चारने गेला. विम्बल्डन तिला १९९८ साली मिळालं. मला मात्र २००१च्या विम्बल्डन फायनलमधला गोरान इव्हानिसेविच जास्त जवळचा वाटतो. एवढी जबर सर्व्हिस असलेला माणूस, पण पॅट्रिक राफ्टरविरुद्ध मॅच पॉइंटवर, म्हणजे एका पॉइंटवर सामना जिंकता येत असताना, एकदा नाही, दोनदा डबल फॉल्ट. तिसरा मॅच पॉइंटही हुकला. चौथ्यावर राफ्टरचा रिटर्न नेटमध्ये गेला आणि गोरान जिंकला. हात त्याचाही थरथरत असणार, पण त्याने तो फिरवायचा थांबवला नाही.

आता करायचं काय? व्यावसायिक टेनिसमध्ये दोन पॉइंटांच्या मध्ये २५ सेकंद मिळतात. आमच्याकडे घड्याळ नाही, पण समोरचे लोक उसासे टाकायला लागेपर्यंत तेवढे सहज मिळतात. मी आधी कोर्टाकडे पाठ करून एक लांब श्वास सोडतो. सोडतो म्हणतोय, घेतो नाही. मग रॅकेटवरची मूठ सैल करतो, कारण मूठ आवळली की मनगट फिरत नाही. कुठे मारायचं ते बॉल टप्पे देण्याआधी ठरवायचं. टप्पे देताना ठरवायला बसलो की मी हमखास मत बदलतो.

आणि टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर टाकणं. बॉल तळहातात दाबून धरू नका, बोटांवर अलगद ठेवा आणि काठोकाठ भरलेला पेला उचलावा तसा वर न्या. खाडीवरून वारा सुटला असेल तर टॉस थोडा कमी उंच ठेवा. वाकडा गेला तर? रॅकेट फिरवली नसेल तर बॉल खुशाल झेला आणि पुन्हा टाका, नियमात त्याला फॉल्ट नाही. लोक संकोचाने वाकड्या टॉसवरच मारतात. कसला संकोच? रिक्षावाल्याला "दादा, जरा मागे घ्या" म्हणताना वाटतो का?

हल्ली सरावाच्या शेवटी, पाय दमलेले असताना, आम्ही प्रत्येकी दहा दुसऱ्या सर्व्हिस मारतो. बाकीचे बघत उभे राहतात, मुद्दाम खोकतात. ज्याच्या जास्त बाहेर जातील त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. गेले तीन आठवडे टपरीवरचा हिशेब माझ्याच नावावर आहे. काका म्हणतात, हात सुटलाय आता, पण टॉस अजून डोक्यामागे जातोय.