दुसऱ्या साक्षरतेचा प्रांत : नोवोसिबिर्स्क

(दृश्य : नदीकाठचे उद्यान आणि जुन्या पुलाचा लोखंडी सांगाडा.)

ओब नदीच्या उजव्या काठावरील एका उद्यानात जुन्या रेल्वेपुलाचा एक गाळा जतन करून ठेवलेला आहे. 1897 मध्ये खुल्या झालेल्या या पुलावरून ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने ओब ओलांडली. पुलाच्या कामाला 1893 मध्ये सुरुवात झाली, त्यासाठी आलेल्या मजुरांची वस्ती काठावर वसली आणि तेच वर्ष आज नोवोसिबिर्स्क शहराचे जन्मवर्ष मानले जाते. लोकसंख्येच्या दृष्टीने हे रशियातील तिसरे मोठे शहर आहे, आणि त्याची सुरुवात एका अभियंत्याच्या अहवालापासून झाली.

निकोलाय गारिन-मिखाइलोव्स्की हे त्या अभियंत्याचे नाव. पुराच्या दिवसांत ओबचे पाणी दोन्ही काठांवर दूरवर पसरते, त्यामुळे पूल कोठे बांधावा हा साधा प्रश्न नव्हता. क्रिवोश्चेकोवो गावाजवळ पात्र अरुंद होते आणि तळाशी खडक होता, म्हणून त्यांनी ती जागा सुचवली. या निवडीमुळे तोम्स्क हे विद्यापीठ असलेले जुने शहर मुख्य लोहमार्गापासून बाजूला पडले आणि जेथे तोवर मोठे गावही नव्हते, तेथे धान्याचा आणि लोण्याचा व्यापार येऊन स्थिरावला. झार निकोलस यांच्यावरून वस्तीला नोवोनिकोलायेव्स्क हे नाव मिळाले. 1903 मध्ये तिला शहराचा दर्जा मिळाला, क्रांतीनंतर 1926 मध्ये नाव बदलले, आणि 28 सप्टेंबर 1937 रोजी आजचा नोवोसिबिर्स्क प्रांत अस्तित्वात आला.

शहराला औद्योगिक रूप दिले ते महायुद्धाने. 1941 मध्ये जर्मन सैन्य पुढे सरकू लागले, तेव्हा देशाच्या पश्चिम भागातील कारखाने यंत्रे आणि कामगारांसह रेल्वेने पूर्वेकडे हलवण्यात आले. त्यांपैकी अनेक येथे आले. विमानाच्या कारखान्यातून याक लढाऊ विमाने आघाडीवर जाऊ लागली. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहालयातील अमूल्य चित्रे शहरातील ऑपेरागृहाच्या इमारतीत सुरक्षित ठेवण्यात आली. या इमारतीचा घुमट पाहण्यासारखा आहे : व्यास 60 मीटर आणि काँक्रीटची सरासरी जाडी केवळ 8 सेंटिमीटर. युद्ध संपल्यानंतर काही दिवसांतच, 12 मे 1945 रोजी, ऑपेरागृह रसिकांसाठी खुले झाले. 1962 पर्यंत शहराच्या लोकसंख्येने दहा लाखांचा आकडा गाठला. वस्ती पडल्याला तेव्हा सत्तर वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

(दृश्य : पाइन आणि बर्च वृक्षांमधून जाणारी पायवाट, मागे संस्थांच्या इमारती.)

प्रांताची खरी ओळख मात्र शहराच्या दक्षिणेकडील जंगलात घडली. मे 1957 मध्ये सोव्हिएत सरकारने विज्ञान अकादमीची सायबेरियन शाखा स्थापन करण्याचा निर्णय घेतला आणि गणितज्ञ मिखाइल लाव्रेन्तेव्ह यांच्याकडे तिची सूत्रे सोपवली. जलविद्युत प्रकल्पासाठी ओबवर धरण पूर्ण होत आले होते, त्याच्या पाण्याने जुने बेर्द्स्क शहर गिळले होते आणि स्थानिक लोक ज्याला ओब समुद्र म्हणतात तो विशाल जलाशय आकार घेत होता. त्याच काठावर अकादेमगोरोदोक, म्हणजे शास्त्रज्ञांची नगरी, वसवण्यात आली. लाव्रेन्तेव्ह स्वतः मॉस्को सोडून पत्नीसह जंगलातील एका लाकडी घरात राहायला आले. पंचावन्न वर्षांपुढील, नामवंत आणि सर्व सुखसोयी हाताशी असलेल्या माणसाने उणे तीस अंशांच्या प्रदेशात असे बिऱ्हाड हलवले, म्हणूनच तरुण संशोधकही मागोमाग आले असावेत. 1959 मध्ये विद्यापीठ सुरू झाले. संशोधन संस्थांतील शास्त्रज्ञांनीच तेथे शिकवावे आणि विद्यार्थ्यांनी सुरुवातीच्या वर्षांतच प्रयोगशाळेत पाऊल ठेवावे, अशी घडी लाव्रेन्तेव्ह यांनी बसवली.

विद्यार्थी शोधण्याची रीतही वेगळी होती. 1962 मध्ये संपूर्ण सायबेरियासाठी गणित आणि भौतिकशास्त्राची स्पर्धा सुरू झाली. खेड्यापाड्यांतून निवडलेल्या मुलांना उन्हाळी शिबिराला बोलावण्यात आले आणि 1963 मध्ये त्यांच्यासाठी विद्यापीठाला जोडलेली निवासी शाळा उघडली. सोव्हिएत संगणकशास्त्राचे एक प्रवर्तक अलेक्सेय ल्यापुनोव्ह यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. या शाळेकडे दुर्लक्ष करून प्रांताच्या डिजिटल प्रगतीची कथा सांगता येत नाही, कारण येथे यंत्रांच्या आधी मुलांचा विचार झाला.

आंद्रेय येर्शोव्ह हे या कथेतील सर्वांत महत्त्वाचे नाव. मॉस्कोत शिकलेला हा तरुण प्रोग्रॅमर साठच्या दशकाच्या आरंभी अकादेमगोरोदोकमध्ये आला. 1964 मध्ये त्याच्या गटाने एम-20 या संगणकासाठी ‘अल्फा’ हा अनुवादक पूर्ण केला. गणिती भाषेत लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवण्याचे काम तो करीत असे. अशी कामे जगात इतरत्रही चालू होती आणि येर्शोव्ह यांचा पाश्चात्त्य संशोधकांशी पत्रव्यवहारही होता. परंतु पुढील वीस वर्षांत ते ज्या प्रश्नाकडे वळले तो त्यांच्या बरोबरीच्या फार थोड्या शास्त्रज्ञांनी इतक्या गांभीर्याने घेतला : प्रत्येक मुलाला प्रोग्रॅमिंग का येऊ नये?

1976 पासून येथे लहान प्रोग्रॅमरांच्या उन्हाळी शाळा भरू लागल्या. गेन्नादी झ्वेनिगोरोद्स्की या येर्शोव्ह यांच्या तरुण सहकाऱ्याने मुलांसाठी ‘रोबिक’ ही भाषा तयार केली. तिच्या आज्ञा रशियन शब्दांत होत्या, म्हणजे इंग्रजी येत नाही म्हणून कोणी मागे राहण्याचे कारण नव्हते. 1981 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या जागतिक परिषदेत येर्शोव्ह यांनी प्रोग्रॅमिंग ही दुसरी साक्षरता आहे, असा विचार मांडला. चार वर्षांनी, 1 सप्टेंबर 1985 रोजी, सोव्हिएत संघातील माध्यमिक शाळांत संगणकशास्त्र हा विषय सक्तीचा झाला.

अडचण अशी, की बहुसंख्य शाळांत संगणकच नव्हते. येर्शोव्ह यांच्या संपादनाखाली तयार झालेल्या पाठ्यपुस्तकाने ही वस्तुस्थिती गृहीत धरली होती. विद्यार्थ्याने आज्ञावली वहीत लिहायची, शेजारी तक्ता आखायचा, प्रत्येक पायरीनंतर चलाची किंमत बदलून त्यात मांडायची आणि शेवटच्या ओळीत उत्तर बरोबर येते का ते पाहायचे. यंत्राची भूमिका विद्यार्थीच वठवत असे. या पद्धतीला तेव्हा हसणारेही होते. तरीही शाळेत यंत्रे येईपर्यंत मुलांना थांबवून ठेवण्यापेक्षा ती शहाणपणाची होती, असे आज मागे वळून पाहताना वाटते. येर्शोव्ह 1988 मध्ये वारले. त्यांनी आयुष्यभर जपलेली पत्रे आणि टिपणे पुढे अकादेमगोरोदोकमध्येच स्कॅन करून सर्वांसाठी इंटरनेटवर खुली करण्यात आली.

(दृश्य : शहराचा जुना, कागदी नकाशा आणि मग मोबाइलवरील नकाशा.)

सोव्हिएत संघ कोसळल्यावर संस्थांचे अनुदान आटले, पगार महिनोन्‌महिने थकले आणि कित्येक संशोधकांनी परदेशाची वाट धरली. अणुभौतिकी संस्थेने औद्योगिक वापराचे त्वरक, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रे, तयार करून विकले आणि जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या महाकाय त्वरकासाठी शेकडो चुंबक पुरवले, त्यावर ती तगली. जे तरुण देशातच राहिले त्यांतील काहींनी कंपन्या काढल्या. बँकांसाठी आज्ञावल्या बनवणारे वित्त-तंत्रज्ञान केंद्र 1991 मध्ये सुरू झाले आणि त्याची ‘झोलोताया कोरोना’ ही देयकव्यवस्था पुढे देशभर पोहोचली. 1999 मध्ये येथेच सुरू झालेल्या ‘दुब्लगिस’ (2GIS) या कंपनीने शहराचा नकाशा आणि दुकाने-कार्यालयांची सूची एकत्र करून संगणकावर दिली. ती इंटरनेटशिवाय चालत असे, कारण तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हते. माहिती पडताळण्यासाठी कंपनीची माणसे रस्तोरस्ती चालत फिरत, कोणत्या इमारतीचे दार कोणत्या बाजूला उघडते हेही नोंदवून घेत. 2020 मध्ये रशियातील सर्वांत मोठ्या बँकेने, स्बेरबँकने, या कंपनीतील बहुतांश हिस्सा घेतला.

शहराबाहेर चित्र इतके उजळ नाही. सुमारे 1,78,000 चौरस किलोमीटरच्या या प्रांतात जेमतेम 28 लाख लोक राहतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या राजधानीत आहेत. पश्चिमेकडे बाराबाचा सपाट, दलदलीचा प्रदेश आणि चानी सरोवर आहे. तेथील विखुरलेल्या खेड्यांपर्यंत तार ओढणे कोणत्याही खासगी कंपनीला परवडणारे नव्हते. 2014 नंतर केंद्र सरकारच्या योजनेतून आधी 250 ते 500 वस्तीच्या गावांत आणि मग 100 ते 500 वस्तीच्या गावांत इंटरनेट नेण्याचे काम हाती घेण्यात आले. दाखल्यांचे अर्ज आणि डॉक्टरांची वेळ आता सरकारी संकेतस्थळावरून घेता येते. तालुक्याच्या गावी जाण्यासाठी हिवाळ्यात अख्खा दिवस मोडणाऱ्या माणसाला या सोयीचे मोल शहरवासीयापेक्षा अधिक कळते.

2022 मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर परिस्थिती पुन्हा पालटली. इंटेलसारख्या कंपन्यांनी येथील केंद्रांचे काम थांबवले आणि अनेक प्रोग्रॅमर देश सोडून गेले. अकादेमगोरोदोकमधील ध्वनीपेक्षा अनेकपट वेगाच्या प्रवाहांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या तीन ज्येष्ठ शास्त्रज्ञांवर देशद्रोहाचे आरोप ठेवण्यात आले. त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड पत्र लिहून त्यांची बाजू घेतली आणि परदेशी परिषदांत वाचलेले निबंध जर गुन्हा ठरत असतील तर विज्ञान कसे करायचे, असा प्रश्न विचारला. 2024 च्या अखेरीस सर्नने रशियाशी असलेला सहकार्य करार संपुष्टात आणला.

अशा काळात कोल्त्सोवो या विज्ञाननगरीत ‘स्किफ’ हा नवा सिंक्रोट्रॉन उभारला जात आहे. 476 मीटर परिघाच्या वलयात इलेक्ट्रॉन फिरवून त्यांच्या तीव्र क्ष-किरणांखाली औषधांचे रेणू, धातू आणि विषाणू यांची रचना पाहण्याची ही सोय आहे. बाहेरून मिळेनासे झालेले सुटे भाग स्थानिक कारखान्यांत घडवावे लागल्याने ठरलेला मुहूर्त पुढे सरकला आहे. त्याच सुमारास विद्यापीठाच्या आणि निवासी शाळेच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. वसतिगृहात आजही सायबेरियाच्या दूरदूरच्या गावांतून निवडून आलेली मुले राहतात, आणि त्यांतील किती जण शिक्षण संपल्यावर याच प्रांतात थांबतात, यावर स्किफच्या वलयाभोवती कोण काम करणार हे ठरणार आहे.