गार पाण्याचे पाच तांबे

(पहाट. न्हाणीघर. नळाखाली बादली.)

कोल्हापुरातली डिसेंबरची पहाट. गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत पाणी कढत आहे, पण खाली नळाला येतंय ते गारच. एक तांब्या, दोन, तीन... पाचव्यानंतर कुठं हाताला ऊब लागते. तोवरचं पाणी कुणी झाडांना घालतं. बहुतेकांचं मोरीत जातं.

हे पाणी रात्रभर पाइपात उभं होतं. नळ बंद असला की पाइप म्हणजे एक लांबलचक टाकीच. आतून 20 मिलिमीटर पोकळीच्या पाइपात दर मीटरला साधारण 0.31 लिटर पाणी मावतं. गच्चीपासून नळापर्यंत 15 मीटर धरले, तर जवळपास पावणेपाच लिटर. पोकळी 12 मिलिमीटर असती, तर 1.7 लिटर. दोन तांब्यांच्या आतच काम.

मग सरसकट बारीक पाइप का टाकू नये?

(गच्चीवरची काळी टाकी. खाली शहर.)

कारण आपल्याकडचा दाब उताराचा. एकेकाळी कळंबा तलावाचं पाणी उतारानंच शहरात यायचं. घरातही तेच चालतं. 10 मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब. टाकी शॉवरच्या 4 मीटर वर असेल, तर 0.4 किलो. एवढ्या दाबावर लांबचा बारीक पाइप टाकला की शॉवरखाली माणूस थेंब मोजत बसतो. बेसिनला तो चालेल, शॉवरला प्रेशर पंपाशिवाय नको.

(नवं बांधकाम. मिस्त्री पाइपाची गुंडाळी उलगडतोय.)

हा पेक्स पाइप. पॉलिएथिलीनच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधून केलेला, म्हणून गरम पाण्यातही टिकतो आणि तरी वाकतो. बाहेरच्या व्यासाच्या आठपट त्रिज्येचं वळण दिलं की एल्बो, म्हणजे कोपऱ्याचा जोड, लागत नाही. 16 मिलिमीटरच्या पाइपाला ते साधारण 13 सेंटिमीटर.

"काकू, हितनं थेट तुमच्या बेसिनपर्यंत एकच तुकडा. भिंतीत जोड न्हाई, म्हंजे गळायचं भ्या न्हाई," मिस्त्री पितळी मॅनिफोल्डवर बोट ठेवून सांगतो. मॅनिफोल्ड म्हणजे पाणी वाटणारी नळी: तिच्यावर ओळीनं व्हॉल्व्ह आहेत आणि तिथून प्रत्येक नळाला स्वतंत्र पाइप. स्वयंपाकघरातला नळ बिघडला, तर तेवढाच व्हॉल्व्ह बंद करायचा. बाकी घराचं पाणी चालू.

पण या पद्धतीचं कौतुक जरा जास्तच होतं. बेसिनला गरम पाणी आलं, तरी शेजारच्या शॉवरचा पाइप गारच असतो. त्याचा तांब्या वेगळा सोडावा लागतो. खरी बचत पाइपात नाही, नकाशात आहे. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून असतील, गरम पाण्याचा उभा पाइप त्याच भिंतीतून उतरत असेल आणि मॅनिफोल्ड तिथंच असेल, तर निम्मं काम गवंड्यानं पहिली वीट ठेवायच्या आधीच झालेलं असतं.

पेक्सला ऊन सोसत नाही, त्यामुळे गच्चीवर तो उघडा टाकू नये. उंदीरही कुरतडतो. बहुतेक पेक्स 93 अंशांपर्यंतचा, आणि तेवढ्या तापमानाला दाबही कमीच सोसतो. उन्हाळ्यात सोलर कुठवर तापेल सांगता येत नाही. म्हणून टाकीतून निघणारा पहिला तुकडा धातूचा, आणि पुढं गार पाणी मिसळून देणारा व्हॉल्व्ह. गरम झाला की हा पाइप लांबतोही. 10 मीटरचा पाइप 50 अंशांनी तापला, तर साधारण 7 सेंटिमीटर. ताणून बसवायचा नाही, थोडा सैल सोडायचा.

(दाबमापक. जवळून.)

गिलाव्याआधीची चाचणी. पाइपात पाणी भरून दाब चढवला. सुई किंचित खाली आली आणि मालकांचा चेहरा पडला.

"न्हाई ओ, प्लास्टिक फुगतंय थोडं. परत चढवूया."

मिस्त्रीनं पंपाचे चार दट्टे मारले. सुई वर गेली. चहा आला, संपला. सुई जिथल्या तिथं.

गवंड्यानं माल कालवायला घेतला.