सासर ते माहेर: अंतर एका कारल्याच्या वेलाचं

(नवरात्रात एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, दुराव्यावर रडणारं साहित्य आपल्याकडे पोत्यानं आहे. विराण्या आहेत, विरहाच्या लावण्या आहेत, भावगीतांची तर गणतीच नको. मला आज बोलायचंय ते दुराव्याची टर उडवणाऱ्या गाण्यांबद्दल. ती इथल्या निम्म्या सभागृहाला पाठ आहेत. भोंडल्याची गाणी. कुणी त्याला हादगा म्हणतं, आणि विदर्भ-खानदेशात भुलाबाईच्या गाण्यांतही हाच खोडकरपणा भेटतो.

हस्त नक्षत्राच्या दिवसांत पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती पोरींनी फेर धरायचा, ‘ऐलमा पैलमा गणेश देवा’ म्हणून देवाला एकदा नमस्कार करायचा, आणि मग सासरच्या एकेका माणसाचा यथासांग उद्धार करायचा, असा हा आपला धार्मिक कार्यक्रम. वर खिरापतही मिळते.

गाणाऱ्या कोण होत्या, ते आधी ध्यानात घ्या. मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ करणारा शारदा कायदा झाला १९२९ साली. तोही लगेच घरोघर पाळला गेला असं नाही. म्हणजे कित्येक पिढ्या या फेरात आठ-नऊ वर्षांच्या पोरी होत्या. काहींचं लग्न झालेलं, काहींचं ठरलेलं. त्यांना सासर कोसांत मोजता येत नव्हतं. गाण्यांतही कोस नाहीतच. मग अंतर मोजायचं कशानं? परवानगीनं!

‘कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपल्या माहेरा.’ सून वेल लावते. आता जाऊ? नाही, वेलाला पानं येऊ देत. पानं आली. फूल येऊ दे. फूल आलं. कारलं लागू दे. लागलं. भाजी कर. केली. भाजी खाऊन भांडी घासेपर्यंत माहेर काही जवळ येत नाही.

आता यातली सासूबाईंची हुशारी बघा. कारलं लावल्यापासून भाजीजोगं व्हायला साधारण दोन महिने लागतात. भोंडला आश्विनात. आश्विनाच्या सुरुवातीला वेल लावला, तर पहिली भाजी शिजेपर्यंत दिवाळी होऊन जाते! भाऊबीजही गेली. मेथी पेरायला सांगितली असती तर महिन्याभरात जुडी हातात आली असती आणि सून पाडव्याला माहेरी पोचली असती. सासूबाईंनी मेथी सुचवली नाही. शेती कळणारी बाई होती ती. माझ्या मते मराठीतला शांतपणे केलेल्या छळाचा हा सर्वोत्तम नमुना आहे, आणि तो लहान पोरींनी टाळ्यांच्या ठेक्यावर जपून ठेवलाय.

बरं, भाजी झाली तरी सुटका नाही. सून विचारते, आता तरी धाडा ना. सासू म्हणते, ‘मला काय पुसते, बरीच दिसते, पूस जा आपल्या सासऱ्याला.’ सासरा म्हणतो, दिराला पूस. दीर म्हणतो, जावेला पूस. जाऊ नणंदेकडे बोट दाखवते. सरकारी कचेरीत फाइल फिरते तशी ही पोर घरभर फिरते, आणि प्रत्येक टेबलावर एकच शेरा, ‘पुढे पाठवावे’. शेवटी नवऱ्यापाशी पोचते. इथे पाठ गावोगाव बदलतो. एका पाठात तो म्हणतो, आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा. दुसऱ्यात तो काठी घेतो. दोन्ही पाठ त्याच फेरात, त्याच चालीवर गायले जातात, आणि पोरी दोन्हीकडे सारख्याच खिदळतात. मला हे हसू सोपं वाटत नाही. तक्रार म्हणून हे बोललं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. गाणं म्हणून म्हटलं तर सासू स्वतः खिरापतीचा डबा घेऊन बाजूला उभी.

दुराव्याचा दुसरा गमतीदार कायदा वैद्याच्या गाण्यात आहे. सासरचा वैद्य येतो त्याची टोपी फाटकी, सदरा फाटका, तोंडात विडा शेणाचा. माहेरचा वैद्य येतो तो रेशमी सदऱ्यात, तोंडात विडा केशराचा, दिसतो राजावाणी. आजार काय होता, औषध कोणतं दिलं, गुण आला का, याची चौकशी गाण्यात कुठेच नाही! वैद्य लांबून आला एवढ्यावरच तो बरा. माझा तर संशय आहे की माणूस एकच असावा, फक्त वेगळ्या रस्त्यानं आला.

‘यादवराया राणी रुसून बैसली’मध्ये मात्र पारडं फिरतं. सून निघून गेलीय आणि सासरची माणसं एकामागून एक समजावायला येताहेत, दागिना देतो, अमुक देतो, चल घरी. ती म्हणते, मी नाही यायची. दुरावा तिच्या हातातलं हत्यार झालाय. याचाही शेवट काही पाठांत मंगळसूत्रानं होतो, काही पाठांत लाल चाबकानं. चाबकाचा पाठ हल्ली गाळतात. गाळू नये असं मला वाटतं.

आणि अंतर म्हणाल तर बहिणाबाई चौधरींचं माहेर असोदे, सासर जळगाव. पायी जाता यावं एवढंच. तरी माहेराचं गाणं त्यांच्या ओठावरून हटेना, तेव्हा त्यांच्याच कवितेतला योगी कुत्सितपणे विचारतो, एवढं माहेर माहेर करतेस, मग सासरी आलीस कशाला? त्यावर ‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते’ हे उत्तर आपण फार गहिवरून वाचतो. मला त्यात फटकळपणाही ऐकू येतो. योगीबुवांनी घर सोडलेलं, त्यांना माहेराचा हिशेब कोण सांगणार?

आता अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांतही भोंडला होतो. तिथे हस्त नक्षत्राला शनिवारपर्यंत थांबावं लागतं. फेरात चाळिशीच्या बायका जोरजोरात कारल्याचा वेल म्हणतात. सासू भारतात, स्वयंपाकघर स्वतःचं, गाडी स्वतःची, आणि माहेरी जायचं तर आधी प्रोजेक्ट संपू दे, मुलांची शाळा सुटू दे, परतीच्या व्हिसाच्या शिक्क्याला तारीख मिळू दे. इकडे आई रोज व्हिडिओ कॉलवर ‘जेवलीस का?’ विचारते तेव्हा तिकडे पोरगी दात घासत असते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा. मधल्या त्या एका तासाचं काय होतं, हे कुठल्याही आईला आजवर पटवता आलेलं नाही. त्या बायकांची एकच अडचण मला दिसते, की या सगळ्याबद्दल शिव्या घालायच्या तर घालायच्या कुणाला? सासूच्या जागी सगळे नियमच बसलेत. नियमांवर फेर धरता येत नाही, म्हणून त्या जुन्याच सासूला धरून ठेवतात. बिचारी तिकडे साताऱ्यात सुनेची वाट बघत बसलेली असते.

वेळ झाल्याची खूण अध्यक्ष दोनदा करून चुकलेत, आणि मागे खिरापतीचे डबे उघडल्याचा वासही येतोय. प्रश्न असतील तर जरूर विचारा. घरी जाऊ का, एवढं मात्र मला काय पुसता? पुसा आपल्या अध्यक्षांना.