कीचेनला नक्की काय लटकवलंय?

(दृश्य: मेन रोड, संध्याकाळची गर्दी, हातगाडीवर कीचेनचे झुबके)

नाशिकच्या मेन रोडवर कीचेन बघायला थांबलात की बुलेट, राजमुद्रा, गणपती, बिअरचं ओपनर, सगळं एकाच तारेला लटकलेलं असतं, आणि भाऊ हे कशाचंय असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मेटल आहे साहेब, प्लॅस्टिक नाही." मेटल म्हणजे कुठलं ते त्यालाही माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर आपणही पुढे विचारत नाही.

आपली चौकशी सुरू होते ती पोरगं ऑनलाइन काहीतरी भारी मागवतं तेव्हा. टायटॅनियमचा हुक, टंगस्टनचा मणी, बेरिलियम कॉपरचा (म्हणजे बेरिलियम धातू मिसळलेल्या तांब्याचा) छल्ला. नावं ऐकूनच घरचे म्हणतात, अरे हे खिशात ठेवायचं का?

टायटॅनियमचं टेन्शन सोडा, हाडात बसवायचे स्क्रू त्याचेच असतात. टंगस्टनचा मणी बोराएवढा असला तरी हाताला जड लागतो कारण घनता पाण्याच्या 19.3 पट, म्हणजे जवळपास सोन्याइतकी. पण हा धातू वितळतो 3422 अंशाला, ओतकाम कुठे करणार, म्हणून त्याची पावडर दाबून भाजतात आणि ती धरून राहावी म्हणून थोडं निकेल आणि लोखंड किंवा तांबं मिसळतात. हे निकेल लक्षात ठेवा, पुढे येणारे.

गाडीची काच फोडायचं टोक असलेलं कीचेन असतं ना, त्याचं टोक बऱ्याचदा कार्बाइडचं, म्हणजे टंगस्टन आणि कार्बनच्या कडक संयुगाचं. अंबड-सातपूरच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर उभं राहणाऱ्याला हे सांगायला नको, धातू कापायच्या टोकालाही, म्हणजे इन्सर्टलाही, कार्बाइडच असतं, आणि त्यात कोबाल्ट असतं. खिशात ते गप पडून राहतं, त्रास आहे तो ग्राइंडरवर धरल्यावर उडणाऱ्या धुळीचा. बेरिलियम कॉपरचंही तेच. ठिणगी पडू नये म्हणून गॅस-पेट्रोलच्या ठिकाणी याची हत्यारं वापरतात, हाताळायला काही प्रॉब्लेम नाही, पण घरी कानस मारून नाव कोरायचा उद्योग करू नका, ती धूळ फुफ्फुसांना कायमचा आजार लावू शकते.

(दृश्य: भंगाराच्या दुकानातला काटा)

रेडिएशनचं काय? 2010 मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगारात कोबाल्ट-60, म्हणजे कोबाल्टचा किरणोत्सारी प्रकार, निघाला, एकाचा जीव गेला. 2013 मध्ये भारतात बनलेल्या काही लेडीज बेल्टच्या धातूच्या टिकल्यांमध्ये तेच सापडलं, भंगार वितळवताना मिसळलं की असं होतं. क्वचित होतं, त्यासाठी घरी मीटर आणून बसायची गरज नाही. पण "निगेटिव्ह आयन" आणि "एनर्जी" म्हणून जी पेंडंट विकतात त्यापासून मात्र लांबच राहा, 2021 मध्ये नेदरलँड्सच्या सरकारी यंत्रणेने असल्या दहा वस्तू किरणोत्सारी निघाल्या म्हणून सांगितलं होतं.

पारदाच्या, म्हणजे पाऱ्याच्या, वस्तूंचंही बोललं पाहिजे. पारा उणे 39 अंशाच्या आसपास गोठतो, आपल्याकडे तो एकटा घट्ट राहूच शकत नाही, म्हणजे घट्ट पारद म्हटलं की त्यात दुसरा धातू आलाच. श्रद्धा ज्याची त्याला, पण पारा खरंच असेल तर उन्हात तापलेल्या स्कूटरला तो लटकवू नका, उष्णतेने वाफ वाढते.

(दृश्य: आईच्या कडेवर बाळ, तोंडात किल्ल्यांचा जुडगा)

हे मात्र प्रत्येक घरात होतं. पोर रडलं की किल्ल्या वाजवायच्या, मग त्या त्याच्या हातात, आणि हातातून सरळ तोंडात. पितळी किल्लीत बऱ्याचदा दोन-तीन टक्के शिसं असतं, यंत्रावर कापायला सोपं जावं म्हणून मुद्दाम घातलेलं. आपण हात धुतले की झालं, पण चोखणाऱ्या बाळाचं तसं नाही. स्वस्त ओतीव लटकनात तर शिसं जास्तही असू शकतं, ते 327 अंशाला वितळतं, साच्यात छान भरतं, वर वजनामुळे वस्तू महाग वाटते. कागदावर ओढल्यावर पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उठली तर शंका घ्या, नाही उठली तरी निर्धास्त होऊ नका कारण वर प्लेटिंग असतं. अमेरिकेत 2006 मध्ये चार वर्षांच्या मुलाने बुटांबरोबर फुकट आलेलं लटकन गिळलं, त्यात 99 टक्के शिसं होतं, मुलगा वाचला नाही. त्यामुळे पोराने काही गिळलं तर "शीतून पडेल" म्हणत बसू नका, लगेच दवाखाना आणि एक्स-रे.

आता निकेल. जो चकचकीत गोल छल्ला आपण बघतही नाही, त्याच्यावर बऱ्याचदा निकेलचं प्लेटिंग असतं. एप्रिल-मेमध्ये खिसा घामाने ओला, घामात निकेल सुटतं, आणि ज्याला चालत नाही त्याच्या मांडीवर लाल चट्टे नाहीतर बोटांना खाज. जीन्सच्या बटणाखाली बेंबीपाशी पुरळ येतं ते पण बहुतेक हेच. टेस्ट किट मिळतं, कापसाच्या काडीवर दोन थेंब घेऊन घासायचं. वीस रुपयांचा छल्ला घासला, काडी गुलाबी झाली म्हणजे निकेल सुटतंय. स्टीलमध्ये निकेल असूनही ते सहसा कमीच सोडतं, तिथे काडी बहुतेक पांढरीच राहते.

खाज जातच नसेल तर त्वचेच्या डॉक्टरकडे पॅच टेस्ट करा. पाठीला पट्ट्या चिकटवतात, साधारण 48 तासांनी काढतात, तोवर पाठीवर पाणी घ्यायचं नाही, त्यामुळे शक्यतो उन्हाळा सोडून तारीख घ्या.